दिवसा टी-पॉइंट, रात्री सिल्लोड

कॅरॅव्हॅन घेऊन अजिंठ्याला निघालेल्या माणसाने रात्री गाडी उभी कुठे करायची, हा प्रश्न ऐकायला फुटकळ वाटतो. महाराष्ट्र सरकारने 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात कॅरॅव्हॅन पार्कची कल्पना आहे, तिथे पाणी, वीज, स्वच्छतागृह आणि सांडपाण्याची व्यवस्था असावी असं म्हटलं आहे. पण धोरण म्हणजे रस्त्याकडेची पाटी नव्हे. संभाजीनगरहून जळगावच्या रस्त्याला लागलेल्या आणि सिल्लोडच्या आसपास दिवस मावळलेल्या चालकाला एक फाटक हवं असतं, ते उघडणारा माणूस हवा असतो आणि सकाळी कोणी हाकलणार नाही एवढी खात्री हवी असते. हे फाटक कुठे असावं यावर दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, लेण्यांच्या जितकं जवळ तितकं बरं. दुसरं म्हणतं, ही श्रीमंतांची थेरं आहेत, त्यांनी आपल्या सोयीने हॉटेलात उतरावं. हा वाद नीट समजून घ्यावा म्हणून मी दोन माणसं बेतली आहेत. भाची पुण्याची, कॅरॅव्हॅन भाड्याने देण्याच्या धंद्यात. मामा सिल्लोडचे, एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. दोघांना बोलू देऊन मधेमधे मी माझं म्हणणं घालणार आहे. दोघांपैकी कोणाचंच मला पुरतं पटत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

“मामा, फर्दापूरच्या टी-पॉइंटचा एवढा मोठा वाहनतळ लेणी बंद झाली की ओस पडतो,” भाचीची बाजू अशी सुरू होते. “जमीन तयार आहे, रस्ता तयार आहे. तिथे रात्री आठदहा गाड्यांना मुक्काम करू दिला तर बिघडलं कुठे? लोक सकाळी ताजेतवाने उठतील, पहिल्या बसने लेण्यांत जातील, गर्दी व्हायच्या आत एक नंबरच्या लेण्यात पद्मपाणीसमोर उभे राहतील. आज काय होतं? संभाजीनगरहून शंभर किलोमीटर गाडी हाणत येतात, अकराबारा वाजता पोचतात, उन्हातान्हात पायऱ्या चढतात आणि संध्याकाळी परत शंभर किलोमीटर. अशाने अजिंठा बघून होतो का? नुसता उरकून होतो.” शेवटचा मुद्दा खरा आहे, त्याला मामांकडेही उत्तर नाही. लेण्यांची संख्या 30, त्यातली चित्रं अंधाऱ्या भिंतींवर, डोळा सरावायलाच वेळ लागतो. घाईत पाहणाऱ्याला सतरा नंबरच्या लेण्यातल्या जातककथा म्हणजे नुसती माणसांची दाटी वाटते.

“अगं, पण तो वाहनतळ तिथे का आहे, ते तरी बघ,” मामा म्हणतात. “पूर्वी गाड्या थेट लेण्यांच्या पायथ्याशी जायच्या. त्या बंद केल्या म्हणून फर्दापूरच्या फाट्यावर सगळ्यांना थांबवतात आणि पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसने नेतात. धूर नको, धूळ नको म्हणून हा खटाटोप केला. आणि तू म्हणतीस, तिथेच रात्रभर इंजिन चालू ठेवून एसी लावून झोपा.” मामांच्या या बोलण्यात थोडी अतिशयोक्ती आहे. टी-पॉइंटपासून लेणी चार किलोमीटर दूर आहेत आणि दहा गाड्यांचा धूर तेवढं अंतर तोडून भिंतीवर बसेल असं म्हणणं ताणल्यासारखं होईल. पण त्यांचा रोख बरोबर आहे. अजिंठ्याची चित्रं ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. माती, भुसा, तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर रंग, अशी ती रचना आहे. दमटपणा, किडे, वटवाघळं, धूळ, माणसांचा श्वास, सगळंच तिला बाधतं. 1920 च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून कारागीर बोलावून चित्रांवर लाखेचा थर देववला, तोच पुढे पिवळा पडून चित्रांच्या मुळावर आला. चांगल्या हेतूने केलेल्या सोयीही इथे महागात पडल्या आहेत. त्यामुळे लेण्यांच्या बाजूने एकेक पाऊल मागे घेत गेलेल्या व्यवस्थेला पुन्हा पुढे ढकलायचं तर त्याला ‘जागा रिकामी असते’ यापेक्षा वजनदार कारण लागेल.

जगातही हाच कल दिसतो. फ्रान्समधली लास्को गुहा 1948 साली लोकांसाठी उघडली आणि श्वासांच्या बाष्पाने भिंतीवर शेवाळ धरू लागल्यावर 1963 साली बंद करावी लागली. आता लोक प्रतिकृती बघतात. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या कार्ल्सबाड गुहा बघायला येणाऱ्यांत घरं पाठीवर घेऊन फिरणाऱ्या गाड्यांची कमी नाही, तरी गुहेच्या दाराशी असलेल्या वाहनतळात त्यांना रात्र काढता येत नाही. त्या लागतात सुमारे सात मैल अलीकडे, व्हाइट्स सिटी नावाच्या वस्तीत. ज्या देशात ही गाडी घरोघरी रुळली, तिथेही दिवसाचा थांबा आणि रात्रीचा मुक्काम वेगळा ठेवला आहे. आपल्याकडे वादाचा गुंता होतो तो हे दोन्ही एकच समजल्यामुळे. दिवसाचा थांबा टी-पॉइंटला आहेच, तो कॅरॅव्हॅनलाही चालतो. प्रश्न उरतो रात्रीचा.

आणि रात्रीचा प्रश्न जागेचा नाही. कॅरॅव्हॅन म्हणजे उभी करायला टेम्पो ट्रॅव्हलरएवढी किंवा फार तर मिनीबसएवढी गाडी. असल्या गाडीला जागा मराठवाड्यात कुठेही मिळेल. प्रश्न आहे तो तिच्या पोटातल्या दोन टाक्यांचा. गाडीच्या कुशीला बाहेरून एक छोटं दार असतं. ते उघडलं की आत चाकं लावलेली, लहान सुटकेसएवढी प्लास्टिकची टाकी दिसते. संडासाचा मैला तिच्यात साठतो. तिची क्षमता साधारण 17 ते 20 लिटर, म्हणजे दोन माणसांची दोनतीन दिवसांत ती भरते. वास येऊ नये म्हणून तिच्यात निळं रसायन घालतात. आंघोळीचं आणि भांडी घासल्याचं पाणी दुसऱ्या टाकीत, गाडीच्या तळाशी. ही टाकी रिकामी करायला एक तोटी फिरवावी लागते, बस्स. रात्रीच्या अंधारात, कोणी बघत नसताना, ती तोटी फिरवायला किती वेळ लागतो याचा विचार केला की ‘जागा द्या, बाकी आम्ही बघतो’ हे वाक्य ऐकून अंगावर काटा येतो.

फर्दापूरच्या बाजूला ही तोटी फिरली तर पाणी कुठे जाईल? लेण्यांसमोरून वाहणाऱ्या वाघोरा म्हणजेच वाघूर नदीत. घाटमाथ्यावरून सातकुंडाच्या टप्प्याटप्प्यांनी उडी घेऊन ती लेण्यांच्या नालाकार दरीत उतरते आणि पुढे तापीच्या खोऱ्यात जाते. वाटेत तिच्यावर वाघूर धरण आहे आणि जळगाव शहर त्या धरणाचं पाणी पितं. म्हणजे लेण्यांच्या पायथ्याशी ओढ्यात सोडलेलं सांडपाणी हा फक्त फर्दापूरचा आणि पुरातत्त्व खात्याचा प्रश्न राहत नाही. लेण्यांच्या वर, व्ह्यू पॉइंटच्या माथ्यावर रात्र काढायची हौस तर त्याहून वाईट. तिथून पहाटेचं दृश्य अप्रतिम दिसतं यात शंका नाही, पण तिथला प्रत्येक ओघळ आधी लेण्यांच्या अंगणात उतरतो.

“मग सिल्लोडला सोडलेलं पाणी काय स्वर्गात जातं?” भाची विचारते, आणि हा तिचा सगळ्यात टोकदार प्रश्न आहे. नाही जात. पठारावरचं पाणी पूर्णेला आणि पूर्णेतून गोदावरीला मिळतं, त्या वाटेवरही माणसंच राहतात. सिल्लोडच्या बाजूने बोलायचं कारण नदी नव्हे, नगर परिषद आहे. तालुक्याच्या शहरात सेप्टिक टाकी उपसणारी गाडी बोलावता येते, प्लंबर मिळतो, तक्रार करायला कार्यालय असतं, पावती फाडायला कर्मचारी असतो. छोटी शहरं हे काम नीट करू शकतात याचा दाखलाही महाराष्ट्रातच आहे. वाई आणि सिन्नरच्या नगर परिषदांनी टाकी तुंबेपर्यंत वाट न बघता ठरावीक वर्षांनी घरोघरच्या सेप्टिक टाक्या उपसायचं वेळापत्रक लावलं आणि उपसलेला मैला प्रक्रियेला नेला. असं वेळापत्रक लावलेल्या शहराला दहा कॅरॅव्हॅनच्या वीसवीस लिटरच्या टाक्या जड नाहीत. फर्दापूरच्या ग्रामपंचायतीकडून किंवा डोंगरातल्या वाहनतळाच्या ठेकेदाराकडून तीच अपेक्षा करणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे: मुक्कामाची जागा लेण्यांपासूनच्या अंतरावरून न ठरवता, मैला आणि पाणी यांची जबाबदारी कोण घेऊ शकतं यावरून ठरवावी.

इतिहासही पठाराच्याच बाजूने आहे, जरी इतिहासावरून वाहनतळ ठरवू नये हे मला कळतं. बुऱ्हाणपूर-औरंगाबाद या जुन्या वाटेवर अजिंठ्याचा घाट लागायचा. घाटाच्या माथ्याला अजिंठा गावात सराई आणि पायथ्याला फर्दापुरात सराई. काफिला घाट चढून आला की वर दम घ्यायचा किंवा उतरण्याआधी वर रात्र काढायचा. 1819 साली जॉन स्मिथच्या शिकारी टोळीला लेणी दिसली, त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी रॉबर्ट गिल चित्रांच्या नकला करायला आला. त्याचा मुक्काम अजिंठा गावातल्या बारादरीत होता. काम खाली दरीत, बिऱ्हाड वर गावात. वर्षानुवर्षं त्याने हीच व्यवस्था चालवली. चारच दिवस येणाऱ्या पर्यटकाला ती जड जाऊ नये.

“जड जाते ना,” भाची म्हणते. “सिल्लोडपासून टी-पॉइंट पस्तीसचाळीस किलोमीटर. त्यात घाट, घाटात मालाचे ट्रक, एखादा बंद पडला की तासाभराचा खोळंबा. सकाळी लवकर पोचण्याचा सगळा फायदाच गेला.” मामा यावर हसतात, कारण घाटातल्या खोळंब्याबद्दल त्यांना कोणी शिकवायची गरज नाही. “म्हणूनच म्हणतो, रात्री तुझं ते धूड घेऊन घाट उतरू नको. सकाळी सातला नीघ, साडेआठपर्यंत खाली. लेणी उघडतात नऊला. आणि गाडी न्यायचीच कशाला? जळगावकडे जाणाऱ्या एसटीत बस, फाट्यावर उतर, तिथून लेण्यांची बस पकड. कॅरॅव्हॅन इथे सावलीत राहू दे.” एसटीतल्या माणसाने एसटीची भलामण करावी यात नवल नाही, पण हिशेब चुकलेला नाही. कॅरॅव्हॅनवाल्यांची एक खोड असते, घर सोबत आहे तर ते प्रत्येक ठिकाणी सोबत न्यायचं. ज्या ठिकाणी शेवटचे चार किलोमीटर सगळ्यांनाच बसने जावं लागतं, तिथे त्या खोडीचा उपयोग शून्य. उलट गाडी वर राहिली तर घाटातला एक अवजड अडसर कमी होतो.

पाण्याचा आक्षेप मराठवाड्यात प्रत्येक नव्या गोष्टीवर येतो आणि यावाही. उन्हाळ्यात जिथे गावोगाव टँकर फिरतात तिथे पर्यटकांच्या टाक्या भरायच्या का, असं मामा विचारतात. शहरी पाणीपुरवठ्याचं ठरलेलं प्रमाण माणशी रोज 135 लिटर आहे. कॅरॅव्हॅनची पाण्याची टाकी साधारण शंभर लिटरच्या आतबाहेर, आणि दोन माणसं ती एक-दोन दिवस पुरवतात. टाकी छोटी असते म्हणून काटकसर आपोआप होते. बादली भरून वाहू द्यायची चैन त्या गाडीत परवडतच नाही. तोच पर्यटक लॉजवर उतरला तर शॉवरखाली जास्त पाणी सांडेल. पाण्याचे पैसे लिटरच्या भावाने घ्यावेत हा मामांचा उपाय मात्र मला पटतो. एप्रिल-मे महिन्यांत तर हा मुक्काम बंदच ठेवावा. त्या उन्हात पत्र्याच्या गाडीत झोपायला कोण येणार आहे, हा भाग वेगळा.

आता जागा. भाचीला पहिल्यांदा सुचतं ते बाजार समितीचं आवार. मोठं, फरसबंद, दिवे असलेलं, रखवालदार असलेलं. वरवर पाहता याहून चांगली जागा नाही. पण सिल्लोड हा कापसाचा आणि मक्याचा तालुका आहे. दिवाळीपासून पुढे तीनचार महिने आवारात आणि जिनिंगच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते, आणि अजिंठ्याचा हंगामही नेमका तेव्हाच. कापसाच्या ढिगाशेजारी गॅसची शेगडी पेटवणारी गाडी उभी करायला कोणता अडत्या तयार होईल? ही जागा रद्द. रस्त्याकडेचे ढाबे आणि पेट्रोल पंप एका रात्रीपुरते ठीक, ट्रकचालकांचं तेच घर आहे. तिथे झोप मिळते, जेवण मिळतं, पण टाकी रिकामी करायची सोय नाही, आणि सोय नसली की ओढा आहेच.

उरतात मंगल कार्यालयं, आणि माझ्या मते उत्तर तिथे आहे. सिल्लोडसारख्या शहराच्या कडेला महामार्गावर एखादं मंगल कार्यालय डोळ्यांसमोर आणा. फाटक असं की मांडववाल्याचा टेम्पो आणि वऱ्हाडाची बस सहज आत यावी. थ्री-फेजचं मीटर, जोडीला जनरेटर. मागच्या बाजूला आचाऱ्याच्या भट्ट्यांसाठी फरशी घातलेली जागा, मोठा हौद, हात धुवायच्या नळांची रांग. जानोशाच्या खोल्या, बायकांसाठी आणि पुरुषांसाठी वेगळी स्वच्छतागृहं, आणि जमिनीखाली शेकडो माणसांच्या हिशेबाने बांधलेली सेप्टिक टाकी. रात्री झोपायला रखवालदार. कॅरॅव्हॅन पार्कच्या सरकारी अपेक्षा वाचल्या तर त्यातली एकेक गोष्ट इथे आधीच बांधून तयार आहे. वर घालायला लागेल ते इतकंच: सोळा अँपियरचे चारसहा सॉकेट बाहेरच्या भिंतीवर पावसापासून झाकून, टाकी ओतायला झाकणाचं एक तोंड, शेजारी धुवायला नळ, आणि आत कोणतं रसायन चालणार नाही याची पाटी. ती पाटी महत्त्वाची. टॉयलेटमध्ये घालायची काही रसायनं सेप्टिक टाकीतले जिवाणूच मारून टाकतात, मग टाकी तुंबते आणि पुढच्या लग्नात वरपक्षाच्या नाकाला रुमाल लागतात.

“आणि लग्नं कुठे लावायची?” मामांचा प्रश्न येतो. याचं उत्तर पंचांगात आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास, लग्नं जवळपास नाहीतच. हल्ली त्यातही काढीव मुहूर्त निघतात, पण ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. याच काळात पाऊस पडतो, वाघोरेला पाणी येतं, सातकुंड कोसळू लागतो आणि घाट हिरवागार होतो. श्रावणातल्या सुट्ट्या, दसरा आणि दिवाळीची सुट्टी सगळं चातुर्मासातच. पुढे तुळशीची लग्नं लागली की माणसांचीही सुरू होतात. मग पौष येतो, तेव्हा पुन्हा कार्यालयं रिकामी, आणि पौष म्हणजे अजिंठ्याला जायचे ऐन थंडीचे दिवस. ज्या काळात कार्यालयाच्या मालकाला रखवालदाराचा पगार खिशातून द्यावा लागतो, त्याच काळात पर्यटक येतो. ज्या तारखांना लग्न आहे त्या वर्षभर आधी छापून आलेल्या असतात. त्या दिवशी पार्क बंद. याहून सोपं आरक्षणाचं वेळापत्रक कोणत्याही पर्यटन महामंडळाला करता येणार नाही.

मामांचा खरा आक्षेप मात्र अजून बाकी आहे, आणि तो हलका नाही. “अगं, सरकारने अजिंठ्याला जपानच्या कर्जातून केवढं मोठं व्हिजिटर सेंटर बांधलं. एक, दोन, सोळा, सतरा या लेण्यांच्या प्रतिकृती केल्या, म्हणजे खऱ्या लेण्यांतली गर्दी कमी होईल. काय झालं? वीज-पाण्याची बिलं थकली आणि कुलूप लागलं. एवढं बांधलेलं चालवता आलं नाही, आणि आता तुमच्या गाड्यांसाठी नवीन बांधा म्हणता?” हा आक्षेप माझ्या मते अख्ख्या वादातला सर्वात वजनदार आहे, कारण तो झालेल्या गोष्टीवर उभा आहे. पण तो ज्याच्या विरोधात जातो ते म्हणजे मोठं बांधकाम. लेण्यांजवळ, सरकारी पैशाने, एकरकमी उभं केलेलं आणि मग दर महिन्याच्या बिलाचा धनी नसलेलं बांधकाम. मंगल कार्यालयाच्या बिलाला धनी असतो. पर्यटक आला नाही तर त्याचं चार सॉकेटचं नुकसान होईल, लग्नाची सुपारी काही बंद पडणार नाही. मामांचं उदाहरण टी-पॉइंटवर पार्क बांधण्याच्या विरोधात जितकं जातं तितकंच ते सिल्लोडच्या चालू जागा वापरण्याच्या बाजूने जातं. हे त्यांना बोलता बोलता लक्षात येतं, पण कबूल करायला ते तयार नाहीत, ही मामांची जुनी सवय असावी.

राहिला ‘कोणासाठी?’ हा प्रश्न. कॅरॅव्हॅन आपल्याकडे अजून थोड्या आहेत, भाडं परवडणारी माणसं त्याहून थोडी. मूठभर हौशी लोकांसाठी शहराने सोय करावी का? इथे मला वाटतं भाची आणि मामा दोघंही गाडीचा चेहरा बघून फसले आहेत. आपल्या रस्त्यांवर घर पाठीवर घेऊन फिरणारी गाडी नवी नाही. शिर्डी, शेगाव, वेरूळ, अजिंठा अशी फेरी करणारी यात्रेची बस घ्या. टपावर गाद्या आणि भांडी, डिकीत शेगडी आणि सिलिंडर, सोबत आचारी. दुपारी रस्त्याकडेला झाडाखाली भात शिजतो आणि रात्री बाया-माणसं देवळाच्या ओसरीवर पथारी टाकतात. पंढरीच्या वाटेवर दिंडीमागे चालणारा ट्रक आणि टँकर म्हणजे दुसरं काय? शाळांच्या सहली, अजिंठ्याला येणारे बौद्ध उपासकांचे जथे, त्यांच्या गाड्यांचे चालक, ज्यांना सगळी मंडळी लेण्यांत गेल्यावर स्टिअरिंगवर मान टाकून झोपावं लागतं, या सगळ्यांना हेच हवं आहे: सुरक्षित फाटक, स्वच्छ संडास, पाण्याचा नळ, स्वयंपाकाला फरशी. कॅरॅव्हॅनवाला सॉकेटचे जास्त पैसे देईल, यात्रेची बस माणशी थोडे देईल. कॅरॅव्हॅनचं नाव घेऊन सोय झाली आणि तिचा खरा उपयोग यात्रेकरूंना झाला तर मला त्यात काहीच गैर दिसत नाही. हा मुद्दा मांडल्यावर मामांचा विरोध निम्म्याने उतरतो. भाची मात्र थोडी नाराज होते, कारण तिच्या जाहिरातीतल्या चित्रात शेजारी भाताचं पातेलं नाही. तिला हे चित्र बदलावं लागेल.

लॉजवाल्यांचं गिऱ्हाईक जाईल ही भीती मला किरकोळ वाटते. आज बहुतेक पर्यटक सिल्लोडमधून न थांबता निघून जातात. लेणी सोयगाव तालुक्यात, हॉटेलं संभाजीनगरला आणि फर्दापूरला. सिल्लोडच्या वाट्याला फक्त हॉर्न आणि धूळ. जो थांबतच नव्हता तो थांबला तर कोणाचं गिऱ्हाईक गेलं? तो संध्याकाळी भाजी घेईल, किराणा घेईल, गॅरेजात हवा भरेल, आणि या भागाची हिरवी मिरची तोंडाला लावून पाणी पाणी करेल.

नियमांचं थोडं बोलायला हवं, कारण भाचीला ते कंटाळवाणं वाटतं आणि मामांना त्यातच रस आहे. पावती नगर परिषदेची असावी, नुसती कार्यालयाच्या मालकाची नको. पावतीवर गाडीचा नंबर, मुक्कामाच्या रात्री, टाकी ओतली की नाही याची खूण. जाताना खूण नसेल तर अनामत परत नाही. तीन रात्रींच्या वर मुक्काम नाही, नाहीतर पार्कची वस्ती होते. दहानंतर जनरेटर बंद, म्हणूनच सॉकेट द्यायचे. मामा म्हणतात, अनामत रक्कम चांगली मोठी ठेवा. भाची म्हणते, मोठी ठेवली तर लोक ढाब्यावर जातील. दोघंही बरोबर आहेत, आणि योग्य आकडा पहिल्या चातुर्मासात चुकतमाकतच सापडेल.

एक दिवस मात्र असा आहे की त्या दिवशी या व्यवस्थेची परीक्षा होईल. सोमवारी अजिंठा बंद असतो. शनिवार-रविवारला जोडून निघालेला पर्यटक रविवारी रात्री सिल्लोडला पोचतो आणि सकाळी त्याला कळतं की लेणी उद्या. मंगळवारी वेरूळ बंद, म्हणजे तिकडे वळायचं तर सोमवारीच वळायला हवं. नाही वळला तर एक पूर्ण दिवस सिल्लोडच्या हातात येतो. त्या दिवशी दाखवायला तालुक्यात आणि आसपास कमी नाही. जंजाळ्याची घटोत्कच लेणी आहेत. अजिंठ्याचं सोळा नंबरचं लेणं ज्या वाकाटक मंत्र्याने करवलं, त्याच वराहदेवाचा शिलालेख तिथे आहे. भोकरदनच्या हद्दीत अन्व्याचं कोरीव महादेव मंदिर आहे, सोयगावच्या बाजूला वेताळवाडीचा किल्ला आहे. भाची लगेच नकाशा उघडते. “मामा, घटोत्कचपर्यंत माझी गाडी जाईल का?”

“तुझी ती कॅरॅव्हॅन? नाही. ती कार्यालयाच्या आवारातच राहू दे. इथून एक जीप ठरव, डबा बांधून घे, आणि पाण्याच्या बाटल्या जास्त घे. वर प्यायला पाणी नाही.”